भरून येणें

जखम बरी झाली असें आपण म्हणतों खरें. परंतु आमच्या घरांतील वडील बायकांच्या तोंडचा शब्द निराळा असे. जखम 'भरून येते'. आभाळ भरून येतें, ऊर भरून येतो, तशीच जखमहि भरून येते. या शब्दांत एक सूक्ष्म निरीक्षण दडलेलें आहे, याकडे आमचें लक्ष पुष्कळ वर्षें गेलें नव्हतें. वैद्य औषध लावतो, पट्टी बांधतो, पथ्य सांगतो. जखम मात्र आंतून आणि कडेनें, आपल्या आपण भरते. भरणारा कोण, तो राहतो कोठें आणि कधीं कधीं तो येत कां नाहीं, या प्रश्नांचीं बरीचशीं उत्तरें गेल्या पन्नास वर्षांत, म्हणजे आमच्या हयातींतच, विज्ञानानें शोधून काढलीं आहेत. आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक; शरीरशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरीहि या एका विषयाचा अभ्यास आम्हीं एखाद्या परीक्षार्थ्याच्या चिकाटीनें केला आहे. त्याचें कारण सांगावयाचें तर आमच्या अक्काची हकीकत सांगणें प्राप्त आहे.

१९८२ सालची गोष्ट. आम्ही सांगलीस सातवींत शिकत होतों. अक्का आमच्याहून आठ वर्षांनीं वडील. शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा दिवस होता. पहाटे उठून उजळणी करीत असतां आम्हांस चहाची लहर आली. अक्कानें स्टोव्ह पुढें ओढला, स्पिरिटांत बुडविलेला काकडा लावून बर्नर तापविला, पिन फिरविली. परंतु ज्योत कांहीं निळी होईना, पिवळी भगभगत राहिली. तेव्हां पुस्तक बाजूस ठेवून आम्हीं पंप मारावयास सुरुवात केली. ती "पुरे" म्हणाली. आम्हीं आणखी मारला. भडका तिच्या बाजूस उडाला. पुढचें आम्हांस सलग आठवत नाहीं, आणि जें आठवतें तें लिहिण्याची इच्छा नाहीं. नायलॉनचें पातळ नुसतें जळत नाहीं, तें वितळून कातडीला चिकटतें, एवढें ज्ञान मात्र त्या दिवशीं आम्हांस कायमचें झालें.

वडिलांनीं घोंगडें टाकून आग विझविली. शेजारच्या काकूंनीं, त्या काळच्या समजुतीप्रमाणें, दौतभर निळी शाई जखमांवर ओतली. मिरजेच्या रुग्णालयांत डॉक्टरांचा पहिला अर्धा तास ती शाई धुण्यांत गेला; कारण भाजलें किती खोल हें कातडीच्या रंगावरून ठरवावयाचें असतें, आणि तो रंग तर आम्हीं झांकून टाकला होता. भाजल्याबरोबर पंधरा-वीस मिनिटें साधें वाहतें पाणी सोडावें, दुसरें कांहीं लावूं नये, हें आज शाळेंतील मुलांसहि शिकवितात. आमच्या घरांतील चार शिकलेल्या माणसांस तें ठाऊक नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं पोलिस जबाब घेण्यास आले. त्या वर्षांत 'स्टोव्हचा भडका उडून' हे शब्द वर्तमानपत्रांतून इतक्या वेळां येत, आणि त्यांच्या आड इतक्या सुनांचे बळी झांकले जात, कीं जळलेली बाई म्हटली म्हणजे घरांत भांडण होतें काय हा प्रश्न प्रथम विचारला जाई. सासरच्या छळासंबंधींचें ४९८-अ हें कलम पुढच्याच वर्षीं, १९८३ त, कायद्यांत आलें. अक्का अविवाहित होती, तरीहि प्रश्न विचारला गेलाच. तिनें सांगितलें, "पिन अडकली होती." पंप कोणीं मारला हें कोणी विचारलें नाहीं, आणि दाराशीं उभे असलेले आम्ही बोललों नाहीं.

भाजण्याच्या खोलीचा विचार आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतानें अग्निदग्धाचे चार प्रकार सांगितले: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. हें वर्गीकरण म्हणजे रोग्याजवळ बसून केलेलें निरीक्षण होय, आणि म्हणूनच तें आदरास पात्र आहे. गांधारीच्या शंभर पुत्रांचा दाखला देऊन मूलपेशींचें शास्त्र आपल्या पूर्वजांस अवगत होतें असें म्हणणारे पंडित निराळे. २०१९ च्या जानेवारींत भारतीय विज्ञान परिषदेच्या व्यासपीठावरून एका कुलगुरूंनीं तसें प्रतिपादन केलें, तेव्हां सभागृहांत हंशा पिकला कीं टाळ्या पडल्या हें आम्हांस ठाऊक नाहीं. ज्या घरांत कोणी भाजलेलें आहे, त्या घरास मात्र अशा दाखल्याचा कांहीं उपयोग नसतो.

अक्काच्या मनगटावर फोड उठले होते. तेथें तिला असह्य वेदना होत, आणि तीच जागा पंधरवड्यांत बरी झाली. गळा आणि छातीचा वरचा भाग मात्र पांढरट, कोरडा आणि मुळींच न दुखणारा होता. दुखत नाहीं म्हणजे बरें आहे, असें आईस वाटे. डॉक्टर मात्र त्या न दुखणाऱ्या जागेकडेच पुन्हां पुन्हां पाहत. तेथें वेदना नेणाऱ्या मज्जातंतूंसकट सारी त्वचा मेली होती. तीन आठवड्यांनीं तेथें लाल मांसांकुर दिसूं लागल्यावर त्यांनीं तिच्या मांडीवरील त्वचेचा कागदासारखा पातळ पापुद्रा काढून गळ्यावर लाविला. गळ्यावरचा लेप कांहीं ठिकाणीं धरला, कांहीं ठिकाणीं सुटला. मांडीवरची पट्टी मात्र पंधराव्या दिवशीं आपण होऊन निघाली, आणि खालीं नवी गुलाबी कातडी तयार होती. आई आश्चर्यानें म्हणाली, "चोरी झाली तें घर भरलं, आणि ज्याच्याकडे माल गेला त्याचंच भागेना!" या वाक्याचा अर्थ लागण्यास आम्हांस वीस वर्षें लागलीं.

तो अर्थ असा. आपली त्वचा ही एखाद्या भिंतीप्रमाणें एकदां बांधून झालेली वस्तु नव्हे. तिचा वरचा थर रोज झडत असतो आणि सुमारें महिन्याभरांत संबंध नवा होतो. हें नवें येतें कोठून? वरच्या थराच्या अगदीं तळाशीं, आणि केसांच्या मुळांशीं, कांहीं पेशी वस्तीला असतात. त्यांना मूलपेशी, किंवा हल्लीं सर्वांच्या परिचयाच्या शब्दांत स्टेम सेल, म्हणतात. जाणता शेतकरी घरांत खाण्यास दाणा नसला तरी कणगींतलें बियाणें मोडीत नाहीं. मूलपेशीचा स्वभाव तसाच आहे. ती दुभंगली म्हणजे तिच्या वंशांत एक बियाणें म्हणून मागें राहते आणि दुसरी कामास लागते. ती वर सरकते, चपटी होते, कठीण होते आणि शेवटीं झडून जाते. वरवर भाजलें असतां पीक जळतें, परंतु केसांच्या मुळांशीं आणि घामाच्या नळ्यांत बियाणें शिल्लक राहतें. म्हणून मनगट बरें झालें, आणि म्हणूनच मांडी भरली; कारण डॉक्टरांनीं पापुद्रा काढतांना मुळें खालीं राहूं दिलीं होतीं. गळ्यावर मात्र बियाण्यासकट शेत जळालें होतें. अशा ठिकाणीं शरीर जागा मोकळी ठेवीत नाहीं. तें कडा ओढून घेतें आणि व्रणाचें ठिगळ लावतें. ठिगळ आखडतें. पुढील सहा महिन्यांत अक्काची मान उजव्या खांद्याकडे ओढली गेली, ती पुढें एका शस्त्रक्रियेनें थोडी सुटली, पण डावीकडे पुरती कधीं वळली नाहीं.

आम्हांस सर्वांत अधिक चटका लावणारी गोष्ट पुढेंच आहे. अक्का मिरजेच्या खाटेवर पडली होती त्याच्या सात वर्षें आधीं, १९७५ सालीं, अमेरिकेंत हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स ऱ्हाइनवाल्ड यांनीं माणसाच्या त्वचेच्या पेशी शरीराबाहेर, बशींत, वाढविण्याची रीत प्रसिद्ध केली होती. ते त्वचेच्या शोधांत नव्हतेच. उंदराच्या एका विचित्र गांठीचा अभ्यास करीत असतां त्यांना बशींत त्वचेसारख्या पेशींच्या वसाहती दिसल्या, आणि तें दुर्लक्षून पुढें न जाण्याइतका विवेक त्यांच्यापाशीं होता. या पेशी एकट्या वाढत नाहींत. त्यांना सोबत लागते. म्हणून उंदराच्या दुसऱ्या कांहीं पेशी, किरणांच्या योगें वांझ करून, त्यांच्याखालीं अंथरतात. स्वतः न वाढतां दुसऱ्याचें मूल वाढविणाऱ्या दाईसारखें त्यांचें काम. या रीतीनें तीन-चार आठवड्यांत टिकलीएवढ्या त्वचेपासून तिच्या हजारों पट त्वचा तयार होते.

१९८३ सालीं, म्हणजे अक्काच्या अपघातानंतर एकाच वर्षानें, तिची कसोटी लागली. अमेरिकेच्या वायोमिंग संस्थानांतील पांच आणि सहा वर्षांचे दोघे भाऊ अंगाचा रंग काढण्याचें द्रावण पेटून भाजले. दोघांचीहि पंचाण्णव टक्क्यांहून अधिक त्वचा गेली होती. मांडीवरून काढून गळ्यास लावावी तर मांडीच उरली नव्हती. बॉस्टनच्या रुग्णालयांत त्यांच्या शरीरावर शिल्लक राहिलेला त्वचेचा इवलासा तुकडा घेऊन ग्रीन यांच्या प्रयोगशाळेनें त्यापासून चादरी वाढविल्या, आणि शल्यवैद्यांनीं त्या तुकड्यातुकड्यांनीं मुलांच्या अंगावर घातल्या. दोघेहि त्या दिव्यांतून वांचले, आणि १९८४ सालीं त्याचा वृत्तांत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकांत आला. पुढें २०१५ सालीं जर्मनीतील बोखुम येथें एका सात वर्षांच्या मुलावर याच्याहि पुढचा प्रयोग झाला. तो भाजलेला नव्हता. जन्मजात दोषामुळें त्याची त्वचा फोड येऊन गळून पडत होती. इटलींतील मोदेना येथील मिकेले दे लूका यांच्या चमूनें त्याच्या पेशींतील दोष सुधारून त्याच्या अंगाची सुमारें ऐंशी टक्के बाह्यत्वचा नवी केली. २०१७ च्या नेचरमध्यें हें प्रसिद्ध झालें, आणि त्यांत आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही, कीं त्या साऱ्या नव्या त्वचेचा संसार थोड्याशा दीर्घायुषी मूलपेशींवर चालल्याचें त्यांना आढळून आलें. बियाणें खरें असलें कीं तें थोडें पुरतें.

हें वाचून कोणास वाटेल कीं आतां भाजण्याचें भय उरलें नाहीं. तसें नाहीं. बशींत वाढते ती त्वचेची वरची पातळ साय. तिच्याखालचा जाड, लवचिक थर तींत नसतो. केस नसतात, आणि घामाच्या ग्रंथीहि नसतात. घाम नसणें म्हणजे काय हें पुस्तकांतून कळत नाहीं. अक्का चैत्र-वैशाखांत दुपारीं ओला पंचा पिळून गळ्याखालीं ठेवून बसते. त्या भागास आज त्रेचाळीस वर्षें घाम आलेला नाहीं. शिवाय ही साय अतिशय नाजूक, ती तयार होईपर्यंत रोग्यानें आठवडेच्या आठवडे तग धरावयाचा, आणि खर्च तर सामान्य माणसाच्या कल्पनेपलीकडचा. आमच्या देशांत भाजतात त्या बहुधा स्वयंपाकघरांतल्या गरीब बायका आणि मुलें. त्यांच्यासाठीं मुंबईच्या वाडिया रुग्णालयांत डॉ. केसवानी यांनीं उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या करून वापरल्या आणि १९८५ सालीं त्यांवर निबंध लिहिला. साधी पट्टी जखमेस चिकटते. ती सोडवितांना रोगी जें ओरडतो तें ज्यानें ऐकलें आहे, त्याला न चिकटणाऱ्या बटाट्याच्या सालीचें मोल ग्रीन यांच्या शोधाहून कमी वाटणार नाहीं.

असो. गेल्या वर्षीं आमच्या भाच्यानें आम्हांस एक जाहिरात दाखविली. कोठल्याशा केंद्रांत मूलपेशींचीं इंजेक्शनें देऊन भाजल्याचे जुने व्रण 'मुळापासून नाहींसे' करतात, असें तींत लिहिलें होतें. आधींचीं आणि नंतरचीं छायाचित्रें होतीं. आम्हीं चौकशी केली. सहा लक्ष रुपयांचा आंकडा सांगण्यांत आला. प्रामाणिकपणें सांगावयाचें तर, इतकें वाचलेले आम्ही त्या रात्रीं झोपलों नाहीं. आमचा विवेक एका बाजूस आणि भविष्यनिर्वाह-निधींतील रक्कम दुसऱ्या बाजूस, असा हिशेब चालला होता. अपराधी मनुष्याइतकें सोपें गिऱ्हाईक दुसरें नाहीं, हें त्या दुकानदारांस आमच्याहून अधिक ठाऊक असावें.

सकाळीं आम्ही एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलों. अकरावी-बारावीस आमच्याकडे इंग्रजी शिकलेला हा मुलगा आज भाजलेल्यांवरील शस्त्रक्रियेंत नांवाजलेला आहे. त्यानें जाहिरात वाचून परत दिली आणि म्हणाला, "सर, व्रण म्हणजे मोकळी जागा नव्हे. तिथं शरीरानं आपल्या परीनं काम पुरं केलं आहे. त्यांत पेशी टोचल्या कीं जुनी कातडी परत येते, असं अजून कोणीं सिद्ध केलेलं नाहीं." अस्थिमज्जा, चरबी, नाळ यांतून काढलेल्या पेशींवर प्रयोग चालू आहेत, हें त्यानें सांगितलें, त्या पेशी स्वतः त्वचा होत नाहींत, तर जखमेंतील इतर पेशींना निरोप देऊन दाह कमी करतात आणि भरण्यास मदत करतात असें दिसतें, आणि तें काम ताज्या जखमेचें, साडेतीन तपांच्या व्रणाचें नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताचे विकार सोडून बाकी साऱ्या मूलपेशी-उपचारांस प्रयोगच मानलें, आणि प्रयोगाबद्दल रोग्याकडून पैसे घेऊं नयेत असें बजाविलें, हेंहि त्यानें सांगितलें. "म्हणजे पैसे मागतात एवढ्यावरूनच ओळखावं," तो म्हणाला. "आत्यांची मान आणखी थोडी मोकळी करतां येईल. ती शस्त्रक्रिया जुनी आहे, आणि खात्रीची आहे. विचारून पाहा."

आम्हीं विचारलें. अक्का आतां त्रेसष्ट वर्षांची आहे. तिचें लग्न झालें नाहीं. तिनें बत्तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलें. मान मोकळी करण्याबद्दल ऐकून ती हंसली. "वर्गांत डाव्या बाकांवरचीं मुलं सुखी होतीं रे, मला दिसायचींच नाहींत. आतां कोणाकडे वळून पाहायचंय?" मग आम्हीं, लपविणें बरें नव्हे म्हणून, इंजेक्शनांची, सहा लक्षांची आणि आमच्या निधीचीहि गोष्ट सांगितली. ती कांहीं वेळ गप्प बसली. नंतर अगदीं शांतपणें म्हणाली, "पंपाचे पैसे फेडतोस होय?"

आमच्या तोंडून शब्द निघाला नाहीं. तिला ठाऊक होतें, इतकेंच नव्हे, तर आम्हांस ठाऊक आहे हेंहि तिला ठाऊक होतें. आई गेली, वडील गेले, त्यांच्यापाशीं तिनें तें कधीं उच्चारलें नाहीं. "बारा वर्षांचा होतास. स्टोव्ह जुना होता, मीं 'पुरे' म्हटलं तेव्हां पंपावरचा हात धरायला हवा होता. मीं नाहीं धरला. झालं." एवढें बोलून ती चहा ठेवण्यास उठली. तिच्या ओट्यावर आज गॅस आहे; परंतु काडी अजून ती स्वतःच ओढते, दुसऱ्यास ओढूं देत नाहीं.

चहा घेतांना आम्हीं तिला, बोलण्यास विषय म्हणून, त्वचापेढीची माहिती सांगितली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आंत मांड्या, पाय आणि पाठीवरील त्वचेचा वरचा पातळ थर काढतात. ग्लिसरिनांत ती कित्येक वर्षें टिकते. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयांत २००० सालीं अशी पेढी निघाली. परक्याची ही त्वचा कायमची टिकत नाहीं. शरीर ती कांहीं आठवड्यांनीं टाकून देतें. परंतु तेवढ्या आठवड्यांत रोगी जगतो, आणि त्याची स्वतःची त्वचा वाढण्यास सवड मिळते. १९८६ सालीं तर अमेरिकेंत क्युओनो प्रभृति शल्यवैद्यांनीं मृताच्या त्वचेचा वरचा भाग काढून टाकून खालचा जाड थर तसाच राखला आणि त्यावर रोग्याच्या पेशींपासून वाढविलेली साय पेरली. ती धरली. वाफा एकाचा, बियाणें दुसऱ्याचें.

अक्का नेहमींप्रमाणें सबंध ऐकून घेऊन मग प्रश्न विचारणारी. ती म्हणाली, "मांडीवरची माझी एकदां काढलेली आहे. ती पुन्हां चालते काय?"

आम्हीं तेथूनच विद्यार्थ्यास दूरध्वनि केला. तो म्हणाला कीं जेथून एकदां पापुद्रा काढला, ती जागा नीट भरून आली असेल तर तेथूनच पुन्हां काढतां येतो. भाजलेल्या रोग्यांत तर असें कित्येकदां करावें लागतें. अक्कानें हें ऐकून नुसती मान हलविली. आम्हांस मात्र आईचें तें वाक्य आठवलें. त्रेचाळीस वर्षें आम्ही तिच्या गळ्याकडे पाहत आलों, आणि जें बिघडलें त्याचाच हिशेब मांडीत राहिलों. जें भरून आलें होतें तें पातळाच्या निरीखालीं होतें, म्हणून आम्हांस कधीं दिसलें नाहीं. जो उपचार आम्ही सहा लक्ष रुपयांस विकत घ्यावयास निघालों होतों, तो तिच्या शरीरानें मिरजेच्या खाटेवर पंधरा दिवसांत, कोणास न सांगतां, पार पाडला होता. अर्थात् जेथें बियाणें उरलें होतें तेथेंच.

पुढच्या आठवड्यांत अर्ज आला. अक्कानें चष्मा लावून तो दोनदां वाचला, गणिताच्या उत्तरपत्रिकेप्रमाणें प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून भरला आणि सही केली. खालीं जवळच्या नातेवाइकाच्या सहीची जागा होती. पेढीस कळविण्याचें काम मागें राहिलेल्यासच करावें लागतें, आणि तेंहि सहा तासांच्या आंत, रडणें-भेटणें बाजूस ठेवून करावें लागतें. तिनें लेखणी आमच्यापुढें सरकविली. आम्हीं सही केली. पेढीचा दूरध्वनि-क्रमांक आतां आमच्या घरीं कालनिर्णयाशेजारीं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लाविला आहे.